पहिला ठोका कुणाचा

३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

मागच्या पत्रात माझ्या दोन चुका झाल्या. चूक सापडली की ती पुढच्या पत्राच्या सुरुवातीलाच दुरुस्त करायची आणि मग ख्यालीखुशाली, हे तूच मला शिकवलंस. म्हणून ख्यालीखुशाली राहू दे.

आधी लहान चूक. चिमणीने विचारलं होतं, मावशीच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीतले जंतू उजेड कधी पाडायचा हे कसं ठरवतात. मी लिहिलं, ते एकमेकांना मोजतात आणि पुरेसे झाले की उजळतात. हे साफ चूक आहे. जंतूंना मोजता येत नाही. प्रत्येक जंतू आपल्या अंगातून एक पदार्थ थोडा थोडा बाहेर सोडत असतो, कुणी ऐको न ऐको. उघड्या समुद्रात एकटा असला तर तो पदार्थ वाहून जातो. पण माकूळ नावाच्या समुद्रातल्या प्राण्याच्या अंगात एक छोटी पिशवी असते. तिच्यात हे जंतू दाटीवाटीने राहतात आणि तिथे तो पदार्थ साचतो. साचून एका मर्यादेपलीकडे गेला की तोच उलटून जंतूंवर काम करतो आणि त्यांचे दिवे लागतात. म्हणजे आपण किती जण आहोत, हे जंतूला कळत नसतं. आपल्याभोवती किती साचलंय, एवढंच कळतं. चिमणीला सांग, मावशी चुकली.

आता मोठी चूक. मी लिहिलं होतं, ‘घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की तू आणि चिमणीने सध्या इथे राहायला येऊ नये.’ ते वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा ते मला बरोबर वाटलं होतं. आता वाटत नाही. कुणी काही ठरवलं होतं का, हेच मला सांगता येत नाही.

काय झालं ते क्रमाने लिहिते. तू हे चिमणीला वाचून दाखवशील असं धरून काही गोष्टी उलगडून सांगते, त्याचा राग मानू नकोस.

चिमणे, तुझी आई आणि मी शाळेत फार उशिरा गेलो. आधी घरीच शिकलो. आजी भाषा शिकवायची, काकाआजोबा गणित, आत्याआजी भूगोल, आणि आजोबा ‘हात’. आमच्या वेळापत्रकात ‘हात’ हा खरोखरच विषय होता. आजोबा घड्याळं दुरुस्त करतात, तेव्हा चिमटा कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा, हे ते शिकवायचे. तुझी आई त्यात पहिली. मी दोनात दुसरी. धडा समजला की जेवणाच्या टेबलावर बोटाने एक ठोका द्यायचा. सगळ्यांचे ठोके पडले की पान उलटायचं. नाही समजलं तर गप्प बसायचं, कुणी रागावायचं नाही. पद्धत चांगली होती. मग ती मोठ्यांनीही उचलली. भिंतीला रंग कुठला, डॉक्टर कोणता, दुकान दुपारी बंद ठेवायचं का, सगळं ठोक्यांवर. आमच्या घरात ‘हो’ म्हणायला तोंड लागत नाही.

तर ताई, तुझं पत्र काकांनी जेवणं झाल्यावर वाचलं. भाऊजींपासून वेगळं होणं, घर महिनाअखेर सोडावं लागणं, मागची खोली काही महिने मिळेल का, आणि नाही मिळाली तर बंदराच्या गावची नोकरी आणि चिमणीला वसतिगृह. सगळं नीट वाचलं, मध्ये खाकरले नाहीत. मग चष्मा काढून म्हणाले, “मग तिला कळवायचं का, की सध्या जमणार नाही म्हणून?”

शांतता होती. मग खिडकीच्या बाजूने, बाबांच्या जागेवरून, एक ठोका पडला. मग आईचा. मग काकांचा. मग आत्याचा. सगळ्यांत शेवटी माझा. माझा नेहमीच शेवटी असतो. मला वाटलं, चौघं मोठी माणसं, त्यांना काहीतरी माहीत असेल.

या आठवड्यात मी एकेकाला गाठून विचारलं. आई चादरीच्या घड्या घालत होती. म्हणाली, “माझं काय घेऊन बसलीस? मी तर मागची खोली झाडून ठेवली असती. पण तुझ्या बाबांचा ठोका पडल्यावर मी काय करणार?” आत्या म्हणाली, “मी मोठ्या भावाच्या आधी कधी वाजवलंय का?” आणि काका म्हणाले, “मी फक्त प्रश्न विचारला, शंकाबाई. उलटा विचारला असता तर उलटे ठोके पडले असते. मला दोन्ही चाललं असतं.”

“मग उलटा का नाही विचारला?”

“तुझ्या बाबांकडे बघून. ती घर सोडून गेल्यापासून त्यांनी तिच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलंय का दुकानात?”

मी म्हटलं, त्याचा अर्थ उलटाही होऊ शकतो. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “आता तू गणितात भूगोल आणू नकोस.”

बाबांना मी अजून विचारलेलं नाही.

तुझी,
शंका

१० नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

माझं पत्र लाल पेन्सिलीने तपासून परत आलं. आनंद झाला, म्हणजे तू ते वाचलंस. दोन अनुस्वार आणि एक ऱ्हस्व-दीर्घ मान्य. समासात ‘म्हणजे नेमकं काय?’ असं तीन ठिकाणी लिहिलंयस. त्याला माझ्याकडे उत्तर असतं तर मी पत्रच लिहिलं नसतं. आणि शेवटी तू लिहिलंयस, ‘ठोका म्हणजे काय हे मला सांगू नकोस, मी त्याच टेबलावर तळहात आपटून निघाले.’ ते मला आठवतं. तू म्हणालीस, “मला तोंडाने सांगा.” आणि कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा जिन्यात उभी होते.

दुरुस्ती: मी लिहिलं होतं ‘चौघं मोठी माणसं’. आता मीही मोठी आहे. ते पाच हवं होतं.

प्रयोगशाळेत बुधवारी एक गोष्ट झाली ती सांगते, कारण ती डोक्यातून जात नाही. मॅडमनी मला दोन बाटल्या दिल्या. दोन्हींत जंतू अगदी तुरळक, असून नसल्यासारखे. एका बाटलीत ताजं ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं खारट पौष्टिक पाणी. दुसरीत जुनं ब्रॉथ. त्यात आधी जंतूंची दाट गर्दी वाढवलेली होती, मग बारीक गाळणीतून गाळून एकूण एक जंतू काढून टाकलेला. दिसायला पाणी स्वच्छ. दोन्ही बाटल्या मशीनला लावल्या. इतक्या थोड्या जंतूंचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, मशीनलाच दिसतो. ताज्या पाण्यात अंधार. जुन्या पाण्यातले जंतू मात्र उजळलेले.

मॅडम म्हणाल्या, “का?”

मी म्हटलं, “त्यांना वाटतंय की गर्दी आहे.”

“वाटतंय हा शब्द काढ.”

“गर्दीने सोडलेला पदार्थ पाण्यात उरलाय.”

आमच्याकडे एक जण सतत शिट्टी वाजवत काम करतो, त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. तो म्हणाला, “पाहुणे गेले, गोंगाट राहिला.” मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. मी विचारलं, “मग हे जंतू चुकले का?” मॅडम म्हणाल्या, “चुकायला काय झालं? जे साचलं होतं त्याला त्यांनी बरोबर उत्तर दिलं.” शिट्टी म्हणाला, “ही आता रात्रभर जंतूंची माफी मागत बसणार.”

पण ताई, हेच मला कळत नाही. त्या बाटलीत कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी आळस केला नव्हता. प्रत्येकाने आपलं काम केलं आणि तरी उजेड पडला तो नसलेल्या गर्दीसाठी. दोष द्यायला कुणीतरी लागतं ना? मी पाटी घेऊन उभी आहे आणि कुणाच्या गळ्यात घालायची ते कळत नाही. तुला वाटेल मी जंतूंबद्दल लिहितेय. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

शुक्रवारी बाबांना डबा द्यायला दुकानात गेले होते. विशेष काही नाही.

वसतिगृहाला कळवायची शेवटची तारीख तीसच ना? त्याआधी काही सही करू नकोस, अशी माझी विनंती आहे. विनंतीला कारण जोडता येत नाही, याची मला जाणीव आहे.

तुझी,
शंका

१६ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

दुरुस्ती. ‘विशेष काही नाही’ हे खरं नव्हतं.

डबा घेऊन गेले तेव्हा दुकानाचं दार आतून लावलेलं होतं. दुपारचं ऊन काचेवर पडलं होतं, म्हणून मी हाताची ओंजळ डोळ्यांशी धरून आत पाहिलं. बाबा टेबलाशी बसले होते. डोळ्याला भिंग लावलेलं होतं. समोर बायकांचं एक छोटं घड्याळ उघडून ठेवलेलं. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने मनगटाशी दाबून धरला होता, पकडलेल्या माशासारखा. थोड्या वेळाने डावा हात सोडला आणि चिमटा उचलायला नेला. तर उजव्या हाताचं पहिलं बोट लाकडावर वाजायला लागलं. ठक, ठक, ठक. मला काचेतून ऐकू आलं. तो आवाज मी ओळखला. खिडकीच्या बाजूचा ठोका असाच होता. आपल्या घरात ठोका जरा थांबून, वजन देऊन पडतो. तो ठोका मात्र हलका होता, घाईचा. त्या दिवशी मला वाटलं होतं, बाबा रागात आहेत.

मी दार वाजवलं. त्यांनी हात टेबलाखाली नेला आणि दार डाव्या हाताने उघडलं.

“आज तू कशी?”

“आईला बरं नाही, पाय दुखतोय.”

“बस.”

मी बसले. मग उठले, कारण चुकून तुझ्या खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, “बस गं. खुर्चीच आहे.”

डबा त्यांनी उघडला नाही. माझ्यासमोर चमचा धरायचा नव्हता, हे मला नंतर कळलं. हल्ली ते घरीही जेवताना डावा हात वापरतात. खांदा दुखतो म्हणतात, आणि आम्ही सगळ्यांनी तो खांदा शेकलाय.

मी म्हटलं, “बाबा, कधीपासून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक खोटं बोलावं का याचा विचार केला. मग उजवा हात वर काढून टेबलावर ठेवला, एखादी बिघडलेली वस्तू गिऱ्हाइकाला दाखवावी तसा. तो आपोआप वाजत होता.

“उन्हाळ्यापासून. चिमट्याने काही धरलं की कमी होतो. रिकामा ठेवला की सुरू.”

“डॉक्टर?”

“दाखवलं. गोळ्या आहेत. वाढत जाणार म्हणाले.” मग म्हणाले, “घरात कुणाला सांगू नकोस. दुकान बंद करायला लावतील. ठोके पडतील ना लगेच.”

मला त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. पण तू मला ओळखतेस. मी म्हटलं, “बाबा, ताईच्या पत्राच्या दिवशी तुम्ही ठोका दिलात, की हात वाजला?”

बाहेर कुणीतरी येऊन बंद दाराकडे बघून गेलं. मग ते जे बोलले ते मी शब्दशः लिहिते, कारण मला त्याचा अर्थ लावता येत नाही आणि तुला कदाचित येईल.

“हात वाजला. मी तो झाकायला जाणार, तेवढ्यात तुझ्या आईने वाजवलं. मग सगळ्यांनी. मग मला वाटलं, सगळे म्हणतायत म्हणजे बरोबर असेल. मग वाटलं, माझ्या मनातही तेच असेल, नाहीतर हात नेमका तेव्हाच कसा वाजला?”

“पण तो तर नेहमीच वाजतो.”

“हो ना,” ते म्हणाले. “म्हणून तर सांगता येत नाही.”

म्हणजे बघ, ताई. आईने बाबांचं ऐकलं. काकांनी आईचं, आत्याने सगळ्यांचं, मी सगळ्यांनंतर. आणि बाबांनी पुन्हा आमचं ऐकलं. पहिला ठोका कुणीच दिला नाही. आणि तरी पाच ठोके पडले, आणि मी तुला ‘सगळ्यांनी मिळून’ असं लिहून पाठवलं.

मी त्यांना विचारलं, “तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?” ते म्हणाले, “काय बोलू? हात माझा नाही असं?” ते विनोद करत होते की नाही, ते कळलं नाही. मी हसले. मग वाटलं, हसायला नको होतं.

आता माझी अडचण. ‘घरात कुणाला सांगू नकोस’ असं ते म्हणाले आणि मी ‘नाही सांगणार’ म्हटलं. तू घरात नाहीस. त्यामुळे तुला लिहिणं हा वचनभंग होत नाही, असं मी तीन दिवस स्वतःला समजावते आहे. ही पळवाट आहे, हे मला कळतं. पण ज्या कारणाने मला तुला सांगता येतं, तेच कारण मला दूर करायचं आहे. तू घरी असतीस तर मला तुला सांगता आलं नसतं, आणि सांगितलं नाही तर तू घरी येणार कशी? यात काही गणिती चूक असेल तर लाल पेन्सिलीने दाखव.

पत्र चिमणीला वाचून दाखवू नकोस. किंवा जंतूंचं तेवढं दाखव. या वेळी जंतू नाहीत, हे आत्ता लक्षात आलं.

तुझी,
शंका

२० नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ताई,

या वेळी तू एकही चूक काढली नाहीस, म्हणून मला जास्त भीती वाटली. नुसती एक ओळ: ‘मग बाबांना काय हवंय?’

दुरुस्ती आधी. मी लिहिलं होतं की बाबांच्या ठोक्यात मला राग ऐकू आला. तसं नाही. राग मी नंतर त्यात भरला, दुकानातली तुझी रिकामी खुर्ची आठवून. तो आवाज नुसताच आवाज होता.

मी आज सकाळी पुन्हा दुकानात गेले आणि तुझा प्रश्न बाबांना विचारला. ते म्हणाले, “तिचा हात फार स्थिर होता.” एवढंच. हे ‘हो’ आहे की जुनी आठवण आहे की तुझ्यावरचा राग, ते तू ठरव. मी ठरवायला गेले की दर वेळी वेगळं उत्तर येतं. निघताना पाहिलं, तुझ्या खुर्चीवर जुन्या घड्याळांचा खोका ठेवलेला असतो ना, तो खाली जमिनीवर होता. कदाचित झाडताना काढला असेल.

प्रयोगशाळेत आमच्याकडे दोन बिघडलेल्या जाती आहेत. एक मुकी: ती पदार्थ सोडत नाही, पण दुसऱ्यांचा मिळाला की उजळते. दुसरी बहिरी: ती सोडत राहते, पण तिच्यावर कशाचाच परिणाम होत नाही, तिच्यात कायम अंधार. मी आठवडाभर आपल्या घराला या दोन बाटल्यांत भरून पाहतेय आणि जमत नाही. वाटलं, मी मुकी. मग वाटलं, नाही, मुकी तर पदार्थ सोडतच नाही, माझा ठोका तर पडला होता. तू बहिरी म्हणावं, तर तुला सगळ्यांत जास्त ऐकू यायचं. शिट्टीला विचारलं, तर तो म्हणाला, “तुझ्या घरातले लोक जंतूंपेक्षा वाईट आहेत. जंतू निदान आपलं स्वतःचं काहीतरी सोडतात.” मला राग आला आणि मग मी ते लिहून ठेवलं.

मॅडमना मी फक्त शास्त्राचा प्रश्न विचारला. एकदा सगळे उजळले की विझवता येतात का? त्या म्हणाल्या, “दोन मार्ग. साचलेलं मोडून टाकणारं काहीतरी घाल. नाहीतर ताजं पाणी ओत, भरपूर.” मी विचारलं, “आणि एकाच जंतूने सोडायचं थांबवलं तर?” त्या म्हणाल्या, “एकाने? काही फरक पडणार नाही.” मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “बाटलीत किती आहेत त्यावर अवलंबून.”

आपल्या बाटलीत पाच आहेत.

मी काय करणार आहे ते आता लिहिते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. बाबांच्या हाताबद्दल मी बोलणार नाही, ते वचन आहे आणि हात त्यांचा आहे. काकांच्या प्रश्नाबद्दल, आईच्या चादरींबद्दलही नाही. प्रत्येकाने मला एकटं असताना जे सांगितलं ते मी टेबलावर मांडलं, तर ती पुन्हा माझ्याच हातून गेलेली बातमी होईल आणि तशी एक मी आधी पाठवलीच आहे. मी फक्त माझं बोलणार. ‘त्या दिवशीचा माझा ठोका माझा नव्हता. मी इतरांचे ऐकून दिला. तो मी परत घेते. ताई आणि चिमणीने यावं, असं मला वाटतं.’ हे चार वाक्यांत बसतं. आरशासमोर बोलून पाहिलं, तिसऱ्या वाक्याला आवाज फुटत नाही. पण अजून दिवस आहेत.

त्यानंतर काय होईल, ते खरंच माहीत नाही. आपल्या घरात ठोका कुणी परत घेतलेला नाही, त्याला काही पद्धतच नाही. कदाचित काका म्हणतील, “मग पुन्हा विचारू,” आणि पुन्हा शांतता होईल, आणि बाबांचा हात टेबलावर असेल आणि वाजेल. तो वाजला तर मी त्याच्यावर माझा हात ठेवणार आहे. एवढं एक माझं ठरलं आहे, बाकी सगळ्याबद्दल मी गोंधळलेली आहे. हात ठेवल्याने वचन मोडतं का, याचाही विचार केला. मोडत नसावं. मुलगी वडिलांच्या हातावर हात ठेवू शकते.

‘मग मी येऊ का?’ असं तू विचारलं नाहीस. मी त्याचं उत्तर देत नाही, कारण सगळ्यांच्या वतीने मी आता कधीच काही लिहिणार नाही. माझ्या एकटीच्या वतीने लिहिते: ये. मागच्या खोलीची खिडकी मी आज उघडून ठेवली. बिजागरी गंजली होती, तेल घातलं. आईने पाहिलं, आणि थोड्या वेळाने मी बघते तर खिडकीच्या खाली पुसलेलं होतं.

वसतिगृहाचा कागद तीस तारखेपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. मी बोलल्यावर काय झालं ते त्याच संध्याकाळी लिहीन. चांगलं झालं नाही तरी, आणि काहीच झालं नाही तरी.

रविवारी दुपारी सगळे टेबलावर असतात. जेवणं झाली की काका चष्मा पुसतात. ते चष्मा डोळ्यांवर चढवायच्या आत मी बोलणार. रविवार, चोवीस नोव्हेंबर.

तुझी,
शंका